तंतुकणिकांना पदपथ हवा आहे

गेल्या पावसाळ्यात ताईने माझ्यापुढे चार पानांचा एक कागद ठेवला. तिच्या तालुक्याच्या गावात एका मंगल कार्यालयात मोफत आरोग्य तपासणी शिबिर होतं, तिथून ती तो घेऊन आली होती. हातात धातूची एक कांडी धरायला दिली, आणि दोन मिनिटांत शेजारच्या लॅपटॉपवरून अहवाल छापून निघाला. रक्ताचा थेंब घेतला नाही, लघवी तपासली नाही. तिसऱ्या पानावर 'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस' या शब्दांपुढे लाल पट्टी होती आणि तिच्याखाली लिहिलं होतं, 'पेशींचे वय ७१ वर्षे'. ताई तेव्हा त्रेसष्ट वर्षांची होती. अहवालाबरोबर तीन महिन्यांच्या गोळ्या घेतल्या होत्या, नऊ हजार सहाशे रुपयांच्या.

"अगं, माझ्या पेशी गंजल्यात म्हणे," ती म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता.

मी तीस वर्षं कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवलं. डबी घेतली आणि भिंगातून बारीक अक्षरं वाचली. क जीवनसत्त्व, ई जीवनसत्त्व, ग्लुटाथायोन, द्राक्षाच्या बियांचा अर्क, कोएन्झाइम क्यू-टेन. खाली एका कोपऱ्यात इंग्रजीत छापलं होतं की हे औषधी वापरासाठी नाही. तो कोपरा ताईला कुणी दाखवला नव्हता.

मला तिचा राग आला नाही. तिला जे सांगितलं गेलं, ते कुणाच्या डोक्यातून निघालेलं थोतांडही नव्हतं. ती विज्ञानातली जवळपास सत्तर वर्षं जुनी, एके काळी फार मोलाची कल्पना आहे. मात्र त्या कल्पनेचं पुढे काय झालं, तो भाग विकणाऱ्यांनी गाळला आहे. तो गाळल्यामुळे लोकांचे पैसे जातात, आणि त्याहून मोठं नुकसान म्हणजे उपाय कुठे शोधायचा याची दिशाच चुकते.

तंतुकणिका म्हणजे पेशीचं ऊर्जाकेंद्र, हे आपण शाळेत पाठ केलं. ते केंद्र चालतं कसं, हे मात्र बहुतेकांच्या हाती कधी लागलंच नाही, आणि त्यात शिकवणाऱ्यांची चूक मोठी आहे. कोयनेचं पाणी उंचावर अडवलेलं असतं, बोगद्यातून खाली येताना ते जनित्राचं चाक फिरवतं. तंतुकणिकेच्या आतल्या पडद्यावर अगदी हेच चालतं. भाकरीतून निघालेले इलेक्ट्रॉन एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे हातोहात पुढे सरकतात आणि शेवटी श्वासातून आलेल्या ऑक्सिजनला मिळतात. या प्रवासात पडद्याच्या एका बाजूला प्रोटॉन साठत जातात. ते परत येताना प्रथिनाचं एक चाक खरोखर गरगर फिरतं आणि त्यातून एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, तयार होतं. पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये ही कल्पना मांडली तेव्हा ती फारशी कुणाला पटली नव्हती. १९७८ मध्ये त्यांना तिच्यासाठी नोबेल मिळालं. माणूस दिवसभरात साधारण स्वतःच्या वजनाइतकं एटीपी बनवतो आणि लगेच खर्च करतो. कुठल्याही क्षणी शरीरात शिल्लक असतं ते जेमतेम मूठभर. साठवण जवळपास नाहीच. मागणी आली की उत्पादन, मागणी थांबली की उत्पादन मंद. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

इलेक्ट्रॉनांच्या या हातोहातीत काही मधेच निसटतात आणि ऑक्सिजनला अवेळी चिकटतात. त्यातून जे कण तयार होतात ते भारी खोडकर असतात. समोर येईल त्या चरबीला, प्रथिनाला, डीएनएला डसतात. ते आवरेनासे झाले की त्यालाच ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. डेनम हार्मन या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९५६ मध्ये मांडलं की म्हातारपण म्हणजे याच कणांनी केलेल्या नुकसानीची आयुष्यभराची बेरीज. १९७२ मध्ये त्यांनी तंतुकणिकांकडे बोट दाखवलं: आयुष्याचं घड्याळ इथे असावं. कल्पना देखणी होती, आणि तपासून पाहता येण्यासारखी होती. कण जर गंज चढवत असतील, तर गंजरोधक दिलं की म्हातारपण आणि त्याच्याबरोबर येणारे आजार लांबायला हवेत. अँटीऑक्सिडंट हा शब्द घराघरांत पोचला तो या तर्कातून.

मग तपासणी झाली, आणि कांडी धरायला लावून नाही. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांना कित्येक वर्षं बीटा कॅरोटिन (गाजरात असणारं एक अँटीऑक्सिडंट), ई जीवनसत्त्व किंवा नुसती पिठाची गोळी दिली गेली. कोणाला काय मिळतंय, हे देणाऱ्याला माहीत नव्हतं आणि घेणाऱ्यालाही. १९९४ मध्ये निकाल आला: बीटा कॅरोटिन घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त. अमेरिकेत असाच प्रयोग १८,३१४ जणांवर चालू होता. तो जानेवारी १९९६ मध्ये मुदतीच्या एकवीस महिने आधी थांबवावा लागला, कारण गोळी घेणाऱ्यांत हा कर्करोग २८ टक्के आणि एकूण मृत्यू १७ टक्के जास्त दिसत होते. पुढे ३५,५३३ पुरुषांवर ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम तपासलं गेलं. २०११ मध्ये कळलं की नुसतं ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांना प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्के जास्त झाला. हे सगळे प्रयोग फायदा होईल अशा आशेने सुरू झाले होते. ज्यांनी ते केले त्यांनी आपल्याच आशेविरुद्धचे निकाल जसेच्या तसे छापले. त्या प्रामाणिकपणाबद्दल मला आजही आदर वाटतो, आणि म्हणूनच ते निकाल मंगल कार्यालयांपर्यंत पोचत नाहीत याचं दुःख होतं.

असं का झालं असेल? मला सर्वांत जास्त शिकवून गेलेला प्रयोग मात्र लहानसा आहे, २००९ मध्ये जर्मनीत झालेला. चाळीसेक तरुणांना चार आठवडे व्यायाम करायला लावला. निम्म्यांना रोज क जीवनसत्त्वाचे १००० मिलिग्रॅम आणि ई जीवनसत्त्वाचे ४०० युनिट दिले. ज्यांना गोळ्या नव्हत्या त्यांच्या शरीराने इन्सुलिनला चांगला प्रतिसाद द्यायला सुरुवात केली. गोळ्या घेणाऱ्यांनी तेवढाच घाम गाळला, पण त्यांना तो फायदा मिळाला नाही. नंतरच्या प्रयोगांचे निकाल सगळे एका सुरात नाहीत, हे सांगायला हवं. तरी या प्रयोगामागचा विचार टिकला आहे. स्नायू राबतो तेव्हा तंतुकणिकांतून हे कण जास्त निघतात, आणि तोच पेशीला निरोप असतो: काम वाढलंय, नव्या तंतुकणिका बांधा, संरक्षक प्रथिनं वाढवा, जुन्या मोडक्या काढून टाका. कुकरची शिट्टी घरात कुणाला आवडत नाही, पण तिच्यावर फडकं गुंडाळून ठेवलं तर आत डाळ शिजली की करपली ते कसं कळणार? भरपूर अँटीऑक्सिडंट ओतणं हे त्या फडक्यासारखं आहे. शिवाय या कणांना आवरण्याची व्यवस्था शरीरात आधीपासून आहे. त्यातलं एक मुख्य विकर १९६९ मध्येच सापडलं. ते आपल्या पेशी स्वतः बनवतात, गरज वाढली की जास्त बनवतात.

याचा अर्थ ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस खोटा आहे असा नव्हे. सतत चढलेली साखर, तंबाखू, शहरातला धूर, न बरा होणारा दाह यांनी तो खरोखर वाढतो आणि पेशी खरोखर मार खातात. वय वाढतं तशा तंतुकणिका कमी कार्यक्षम होतात, हेही खरं. खोटा आहे तो 'कण कमी करा, वय कमी होईल' हा सरळ हिशोब. पूर्व आफ्रिकेत जमिनीखाली राहणारा, अंगावर केस नसलेला एक उंदीरवर्गीय प्राणी आहे. त्याच्या ऊतींमध्ये हे नुकसान तरुणपणीच भरपूर दिसतं, तरीही तो तीस वर्षांपुढे जगतो. घरातला उंदीर तीनेक वर्षांत आटोपतो. गंजाचं गणित इतकं सोपं असतं तर हा प्राणी कधीच मातीत मिसळला असता.

चयापचयाबद्दलही अशीच एक समजूत आपल्याकडे घट्ट बसली आहे. "तिशीनंतर मेटाबॉलिझम मंदावतो" हे वाक्य जिममध्ये, लग्नात, ऑफिसच्या डब्यांवर, सगळीकडे ऐकू येतं. २०२१ मध्ये २९ देशांतल्या ६,४०० हून अधिक माणसांची, आठ दिवसांच्या बाळापासून पंचाण्णव वर्षांच्या वृद्धांपर्यंत, ऊर्जेच्या खर्चाची मोजमापं एकत्र मांडली गेली. शरीराचा आकार आणि घडण लक्षात घेता वीस ते साठ या वयात हा खर्च जवळपास स्थिर दिसला. साठीनंतर तो वर्षाला साधारण ०.७ टक्क्याने उतरतो. म्हणजे पस्तिशीत सुटलेल्या पोटाचं खापर वयावर फोडता येत नाही. ते बदललेल्या दिवसाचं पोट आहे: खुर्ची, दुचाकी, लिफ्ट, उशिराचं जेवण, कमी झोप.

आता आपल्याबद्दल. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला आणि जगभर गाजला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सारखाच, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आत चरबी जास्त आणि स्नायू कमी, ही आपल्या लोकांची ठेवण त्या एका फोटोने डोळ्यांपुढे आणली. मग म्हणायचं का, की आपल्या तंतुकणिकाच मुळात दुबळ्या? अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉ. श्रीकुमारन नायर यांच्या गटाने हे २००८ मध्ये पाहिलं. भारतीयांच्या स्नायूंतल्या तंतुकणिकांची एटीपी बनवण्याची क्षमता उत्तर युरोपीय वंशाच्या अमेरिकनांपेक्षा जास्त निघाली, मधुमेह असो वा नसो. इन्सुलिनला दाद न देणं मात्र भारतीयांत ठळक होतं. मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो. आपली यंत्रं चांगली आहेत. चांगल्या यंत्रांना टॉनिक कशाला पाजायचं? त्यांच्याकडे काम कमी येतंय आणि इंधन जास्त येतंय, हे जास्त पटण्यासारखं स्पष्टीकरण आहे.

काम दिलं तर काय होतं, हे १९६७ पासून माहीत आहे. जॉन होलोझी यांनी उंदरांना फिरत्या पट्ट्यावर पळवलं आणि त्यांच्या स्नायूंतल्या तंतुकणिकांची क्षमता सुमारे दुपटीने वाढली. माणसांबद्दलचा २०१७ चा प्रयोग पुन्हा नायर यांच्याच गटाचा. बारा आठवडे सायकलवर आलटून पालटून जोरात आणि सावकाश असा व्यायाम. तरुणांच्या तंतुकणिकांची क्षमता ४९ टक्क्यांनी वाढली, ६५ ते ८० वयाच्या लोकांची ६९ टक्क्यांनी. म्हाताऱ्यांची जास्त! देखरेखीखाली केलेला व्यायाम होता तो, उद्या सकाळी उठून कुणी तसं करू नये. पण सत्तरीतली पेशीही निरोप ऐकते, आणि नवं बांधकाम काढते, याहून दिलासा देणारी गोष्ट या सगळ्या विज्ञानात मला दुसरी दिसत नाही.

हे सगळं मी ताईला दोन संध्याकाळी बसून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बरं. पण चालायला जायचं कुठे गं?"

दुसऱ्या दिवशी तिच्या घरापासून भाजी मंडईपर्यंत आम्ही दोघी चालत गेलो. अंतर सव्वा किलोमीटर. पदपथ कागदावर दोन्ही बाजूंना आहे. मी मोजलं: अकरा वेळा त्यावरून खाली उतरून वाहनांच्या रस्त्यावर यावं लागलं. दोनदा आडव्या लावलेल्या दुचाक्या. एकदा विजेचा डीपी बॉक्स, जो पदपथाच्या बरोबर मधोमध उभा आहे. एकदा उघडं गटार, त्यावरची फरशी नाहीशी झालेली. एका ठिकाणी पदपथ गुडघ्याएवढा उंच, ताईला चढताच येईना. मी हात दिला, तर मागून हॉर्न. येताना ती रिक्षाने आली, आणि मी तिला आग्रह केला नाही. भाजीवाल्या बायांना दोष देणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं, त्या अकरांत त्यांची पाटी एकदाच आडवी आली, तीही त्यांनी लगेच सरकवली.

म्हणून माझं म्हणणं आहे की वार्धक्य आणि चयापचय हा आता खासगी शिस्तीचा विषय राहिलेला नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) पाहणीनुसार देशात मधुमेहाचे १० कोटी १० लाख लोक आहेत, आणि त्याच्या उंबरठ्यावर आणखी १३ कोटी ६० लाख. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहभागाने झालेल्या अभ्यासात २०२२ साली भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल न करणारे ठरले, पुरुषांत ४२ टक्के तर बायकांत ५७ टक्के. एवढी माणसं एकाच वेळी आळशी होत नसतात. त्यातही बायकांचा आकडा वर का, हे अंधाऱ्या, निर्मनुष्य किंवा पदपथच नसलेल्या रस्त्यावर पहाटे एकटीने चालून पाहिलेल्या कुठल्याही बाईला विचारा.

रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मानकांत पादचाऱ्याला कमीत कमी १.८ मीटर मोकळी रुंदी सांगितलेली आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदपथ वापरण्याचा हक्क घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यात शाळेला मैदान हवं असं लिहिलेलं आहे. म्हणजे नियम आहेत. पण नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात पदपथ 'सुशोभीकरण' या नावाखाली येतो, आणि सुशोभीकरण पैसे उरले तर होतं. तो आरोग्याच्या खर्चात धरा, एवढी साधी मागणी आहे. शाळांतला पीटीचा तास परीक्षा जवळ आली की गणिताला दिला जातो. जे मूल दहा वर्षं तो तास गमावतं, त्याचा स्नायू कमीच भरतो, आणि पुढे साखर शोषून घ्यायची वेळ येते तेव्हा कामाला येतो तो स्नायूच. औंध संस्थानाचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः रोज सूर्यनमस्कार घालत आणि त्यांनी ते आपल्या शाळांमध्ये सुरू केले. छोटं, दुष्काळी मुलखातलं संस्थान ते. त्यांना एटीपी ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, पण मुलांच्या अंगमेहनतीची सोय करणं हे राज्यकर्त्याचं काम आहे, हे त्यांना उमगलं होतं.

इथे एक आक्षेप मी स्वतःच घेते. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईला चालण्याचे धडे द्यायचे का? मुळीच नाही. तिच्या तंतुकणिकांना काम पुरून उरतंय. तिला कमी पडतं ते अन्न, विश्रांती आणि लोह. इलेक्ट्रॉनांची ती हातोहात करणाऱ्या प्रथिनांच्या गाभ्यात लोह असतं, ते नसेल तर रक्तात ऑक्सिजनही कमी आणि पेशीतलं चाकही मंद. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. पेशीतल्या ऊर्जेसाठी कोट्यवधी बायकांना खरोखर लागणारी गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळते. तिची जाहिरात कुणी करत नाही, ती घेतल्यावर पोट बिघडलं तर काय करायचं हे समजावून सांगायला वेळ कुणाकडे नसतो, आणि दुसरीकडे नऊ हजारांच्या डब्या उचलल्या जातात. मला याची खरोखर चीड येते.

काही ठिकाणी या गोळ्यांना जागा आहे. डोळ्याच्या पडद्याच्या एका ठरावीक वार्धक्यजन्य आजारात अँटीऑक्सिडंट आणि झिंक यांच्या मिश्रणाने आजार पुढे सरकण्याचा वेग कमी होतो, हे चाचणीत सिद्ध झालं आहे. तंतुकणिकांच्या काही जन्मजात आजारांत डॉक्टर क्यू-टेन देतात. त्या त्या आजाराचं निदान करून, डॉक्टरांनी लिहून दिलं तर जरूर घ्यावं. पेरू, आवळा, पालेभाज्याही बिनधास्त खाव्यात. एका पेरूत दिवसभराला पुरेल एवढं क जीवनसत्त्व असतं, आणि १००० मिलिग्रॅमचा मारा त्यातून होत नाही.

राहिला कायदा. औषधनियमांच्या अनुसूची 'जे' मध्ये अशा व्याधींची यादी आहे ज्या बऱ्या करण्याचा दावा औषधालाही करता येत नाही, आणि तिच्यात अकाली वार्धक्य आहे. पण या डब्या औषध म्हणून विकल्याच जात नाहीत. त्या २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली पूरक आहार म्हणून येतात, विक्रीपूर्वी औषधाप्रमाणे माणसांवरच्या चाचण्या त्यांना दाखवाव्या लागत नाहीत. डबीवर काही चुकीचं छापलेलंही नसतं. दावा तोंडी होतो, माइकवरून, कांडी हातात असताना. मात्र एप्रिल २०२० पासून रोगनिदानाची उपकरणं औषधकायद्याच्या कक्षेत आहेत. मग कार्यालयात मांडलेल्या त्या यंत्राची नोंदणी आहे का, हे विचारायला अन्न व औषध प्रशासनाच्या निरीक्षकाने जायला काय हरकत आहे? जिथे तपासणी आणि विक्री एकाच टेबलावर होते, असं शिबिर भरवायलाच परवानगी मिळू नये.

ताईचे पैसे परत मिळाले नाहीत. डबी तिने देवघराच्या खालच्या कप्प्यात ठेवून दिली. आम्ही त्या अकरा जागांचे फोटो काढले, यादी केली आणि अर्ज दिला. त्याची शिक्का मारलेली पोच माझ्याकडे आहे. ताई आता सोमवारी आणि गुरुवारी मंडईत चालत जाते, येतानाही चालत, दोन्ही हातांत पिशव्या. गेल्या गुरुवारी मी तिच्याबरोबर होते. उघड्या गटारावर नवी फरशी बसली आहे. ताई तिच्यावर थांबली, पायाने जरा दाबून पाहिली, हलत नव्हती. पुढे डीपी बॉक्स तसाच होता. तिने मागे वळून गाड्या येतात का ते पाहिलं आणि रस्त्यावर उतरली.